पॅनेलच्या तळाशी आई

पंचाईत अशी झाली होती, की लिव्हन निवडणूक जिंकला होता.

हरला असता तर सोपं होतं. हरायची व्हान काउटर घराण्याला सवय होती. आजोबा सिरील तीनदा हरले आणि प्रत्येक वेळी आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. वडील आंद्रे नगरसेवक झाले, पण जन्मभर नगराध्यक्षाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तिथूनच वारले. तिसऱ्या पिढीत लिव्हननं 'जागं डेंडरहोवे' नावाचं पॅनेल काढलं. ज्या गावातली निम्मी माणसं सकाळी अंधारात ब्रसेल्सची गाडी पकडतात आणि संध्याकाळी अंधारात झोपायला परत येतात, त्या गावात पॅनेलला हे नाव द्यायला छाती लागते. पण आलं निवडून. सगळ्यांत मोठं पॅनेल म्हणून आलं. चौकातल्या कॅफेत बियरचे ग्लास उंचावले गेले, फोन्सकाका या वयात खुर्चीवर चढले, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर एकेकाची वैयक्तिक मतं आली.

पॅनेलच्या सगळ्यांत वर लिव्हन. सगळ्यांत खाली, शोभेपुरती, त्याची आई, गोडेलीव्हबाई. आणि आईला लिव्हनपेक्षा सहा मतं जास्त.

एरवी लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण यंदा कायदा बदलला होता. सत्तेतल्या मोठ्या पॅनेलमध्ये ज्याच्या स्वतःच्या नावावर सर्वांत जास्त मतं, नगराध्यक्षपदावर पहिला हक्क त्याचा. त्यानं आपणहून नको म्हटलं, तरच ते पुढच्याकडे जाणार. आणि गोडेलीव्हबाईंनी अजून नको म्हटलं नव्हतं. हवं असंही म्हटलं नव्हतं. आठवडाभर विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "रविवारी या सगळे जेवायला. सूप करते."

रविवारी लिव्हनची गाडी त्याची बायको कातेलाईन चालवत होती. त्यांच्या घरापासून स्टेशनसमोरच्या आईच्या घरापर्यंत पूर्वी एक गाणं पुरं वाजायच्या आत पोचता यायचं. मग लिव्हन वाहतूक समितीचा सभापती झाला, आणि त्यानं निम्म्या गावाचे रस्ते एकेरी केले. आता स्टेशनकडे जायला दफनभूमीला अख्खा वळसा पडायचा.

"आज सरळ विचार," कातेलाईन म्हणाली. "आई, मला हवंय, तू सोड. एवढंच."

"मी नाही विचारणार. तिनं आपणहून म्हणायला हवं. उद्या गावभर होईल, आईकडून मागून घेतलं म्हणून."

"आणि त्या म्हणाल्याच नाहीत तर? निळ्या पक्षवाल्यांना संध्याकाळपर्यंत नाव कळवायचंय ना तुला? युती काय त्या सूप पिईपर्यंत थांबणार आहे?"

"फोन्सकाका काढतील विषय."

"म्हणजे मागायचं काकांनी, द्यायचं आईंनी आणि घ्यायचं तू. वा!" तिनं दफनभूमीच्या कोपऱ्यावर ब्रेक मारला. पुढं सात-आठ गाड्या उभ्या होत्या. "हे वळण नक्की कशासाठी केलंयस रे?"

"स्टेशन रोडवरची कोंडी फुटावी म्हणून. दहा वेळा सांगितलंय."

"कोंडी फुटली नाही लिव्हन, ती इथं आलीय. मेलेल्यांच्या दारात."

लिव्हन खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा जीव टांगणीला लागला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता तो, आणि शाळेत 'मोठेपणी कोण होणार' या निबंधात त्यानं 'नगराध्यक्ष' लिहिलं होतं. बाकीची पोरं फुटबॉल खेळाडू होणार होती. ती सगळी आता सुखात होती.

गोडेलीव्हबाईंचं घर म्हणजे खाली बंद झालेलं सँडविचचं दुकान आणि वर तीन खोल्या. तीस वर्षं त्यांनी त्या दुकानातून आमच्या गावाला कॉफी आणि सँडविचं दिली, आणि शिव्या फुकट दिल्या. "सुट्टे काढून ठेव आधी, मागं रांग बघ!" "गळपट्टा कुठाय? मरायचंय का?" "गाडी सुटतेय, प्रेमपत्रं मग वाच!" प्रचाराच्या वेळी लिव्हननं त्यांना स्टेशनच्या दारात पत्रकं वाटायला उभं केलं, तर पत्रक वाचायला थांबलेल्या माणसाला त्यांनी ढकललं होतं, "पळ आधी! यात काही नाहीय." लिव्हनला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस घुम्यासारखा वागला. लोकांना मात्र त्या निवडणुकीत पटलेलं एवढं एकच वाक्य होतं.

फोन्सकाका आधीच येऊन बसले होते. आंद्रेंचे धाकटे भाऊ, लग्न केलं नाही, सारा जन्म पॅनेलं जुळवण्यात घातला. त्यांनी वहिनीसाठी पिवळ्या शेवंतीची कुंडी आणली होती. आमच्याकडे शेवंती थडग्यावर ठेवतात.

"भावजी, मी अजून आहे," गोडेलीव्हबाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, ऑक्टोबरात दुकानात दुसरं मिळतंच नाही काही."

"असू द्या. आंद्रेला नेईन. त्याला कुणी आणतच नाही." त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली आणि सुपाचं भांडं टेबलावर आणलं. मटणाचे छोटे गोळे वरती तरंगत होते.

लिव्हनची मोठी बहीण व्हेर्ले आईच्या शेजारी बसली, भावाच्या बरोबर समोर. ती दवाखान्यात नर्स. तिचा नवरा योरिस रेल्वेत चालक, तो आज गाडीवर होता, आणि जुळ्या पोरांना तिनं सासूकडे टाकलं होतं. भावाचं आणि तिचं गेल्या नाताळपासून फारसं पटत नव्हतं. कारण विचाराल तर दोघंही वेगवेगळं सांगतील.

चार घास पोटात गेल्यावर फोन्सकाकांनी ओठ पुसले.

"वहिनी, तुमचं रीतसर अभिनंदन करायचं राहिलंच. गावानं प्रेम दाखवलं. आता प्रेम दाखवलं म्हणजे लगेच खुर्ची घ्यायलाच हवी असं काही नाही म्हणा."

"नाही ना," गोडेलीव्हबाई म्हणाल्या. "मीठ हवंय?"

"नको, नको. म्हणजे बघा, नगराध्यक्षाला रोज संध्याकाळी बैठका."

"मला संध्याकाळी काही नसतं."

"फायली वाचाव्या लागतात, हे एवढाले गठ्ठे."

"चष्मा आहे."

"लोक येऊन डोकं खातात. गटार तुंबलं, दिवा गेला…"

"मला काय सांगताय? तीस वर्षं काय पोपट पाळले होते का मी?"

व्हेर्ले हसली. "काका, कशाला उगाच आडून आडून? आईला मतं पडलीत. लोकांना ती हवीय. बारा वर्षं लिव्हनला सभापती करून पाहिलं, काय मिळालं? रोज ड्यूटीवरून घरी येताना मी दफनभूमीला प्रदक्षिणा घालते."

"तुझं काय जातंय ताई?" लिव्हन म्हणाला.

"पेट्रोल जातंय. आणि डोकं जातंय."

"आकडे बघ तू. स्टेशन रोडवरचे अपघात निम्म्यावर आलेत."

"येणारच. तिथं कुणी पोचतच नाही."

लिव्हननं चमचा खाली ठेवला. फोन्सकाकांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. "शिवाय वहिनी, राग मानू नका, पण घराण्याचाही प्रश्न आहे. मतपत्रिकेवर तुमचं माहेरचं नाव. ट्रॉख. तीन पिढ्या आम्ही झिजलो, आणि नगरपालिकेच्या भिंतीवर नाव लागणार ट्रॉख?"

ट्रॉख म्हणजे रुळांपलीकडचे. गोडेलीव्हबाईंचे वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते आणि रविवारी कबुतरं उडवायचे. सिरील आजोबांना सून म्हणून ही मुलगी पसंत नव्हती. ते पसंत नसणं त्यांनी मरेपर्यंत नियमानं पाळलं.

"कायद्यानं बाईचं नाव बदलत नाही, भावजी," गोडेलीव्हबाई शांतपणे म्हणाल्या. "पंचावन्न वर्षं झाली, तुमच्या लक्षात आज आलं. बरं, समजा मी हो म्हटलं. काय काय करावं लागतं मला? सांगा तरी."

त्यांना गंमत वाटत होती. खरं तर मंगळवारीच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की नको. पोरगा लहानपणापासून त्या खुर्चीसाठी झुरतोय, घेऊ दे. जेवण झालं की टार्ट कापता कापता सांगायचं, असा बेत होता. पण तोवर कुणीतरी आपली मनधरणी करतंय, हे सुख त्यांना नवीन होतं. या घरात आजवर मनधरणी पुरुषांची व्हायची. म्हणून त्या जरा ताणत होत्या. आणि खरं सांगायचं तर, लिव्हननं तोंड उघडून एकदा मागावं, एवढीच त्यांची अट होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"करायचं म्हणजे," फोन्सकाका सांगू लागले, "सोमवारी सकाळी नगरपालिकेत जायचं. महिन्यातून एकदा सर्वसाधारण सभा. बुधवारी दुपारी सभापतींची बैठक…"

व्हेर्लेचा चमचा वाटेतच थांबला. "बुधवारी? दुपारी?"

"आजची नाही ती. सिरील बाबांच्या काळापासून बुधवारी दुपारी."

"गुरुवारी नाही घेता येणार?"

"अगं, नगरपालिका आहे, केशकर्तनालय नाही."

बुधवारी शाळा दुपारी सुटतात. बुधवारी जुळी आजीकडे येतात, सूप पितात, आजीचे ओरडे खातात आणि व्हेर्ले ड्यूटी संपवून त्यांना घेऊन जाते. हे सगळं ज्या एका खांबावर उभं होतं तो खांब आत्ता टेबलाच्या टोकाला बसून पाव मोडत होता. व्हेर्ले पाणी प्यायली.

"आई," ती म्हणाली, "तसं पाहिलं तर, तुझंही वय झालंय गं."

"आत्ता, सूप पिता पिता झालं का?"

"तसं नाही. पण तुझी कंबर… आणि लिव्हनला अनुभव आहे, काही म्हटलं तरी. रस्त्यांचं सोड, पण माणूस मेहनती आहे."

लिव्हननं बहिणीकडे बघितलं. नाताळपासून पहिल्यांदाच ती त्याच्या बाजूनं काही बोलली होती. कारण त्याला कळलं नाही, पण त्याला बरं वाटलं.

त्याच वेळी फोन्सकाकांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरायला लागलं होतं. वहिनी खरंच झाली तर? तिला फायलींतलं ओ की ठो कळत नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगायला लागेल. यंदा लिव्हननं प्रचारासाठी गेंटहून एक सल्लागार आणला होता, घोट्याच्या वर पँट घालणारा, आणि त्यानं पोस्टरवरून काकांचा फोटो उडवला होता. 'जुना चेहरा' म्हणाला होता. काका तेव्हा काही बोलले नव्हते. जन्मभर राजकारणात काढलेला माणूस राग लगेच खर्च करत नाही.

"तसं वयाचं म्हणाल तर," ते खाकरले, "वय ही काही अडचण नव्हे. हाताशी जाणता सल्लागार असला की झालं. वहिनी, मी म्हणतो, घाई नका करू. नको म्हणायला काय, कधीही म्हणता येईल."

"काका!" लिव्हन ओरडला.

"अरे, मी आपलं सर्व बाजूंनी बोलतोय."

"तुम्ही आत्ता उलट बाजूनं बोलत होतात!"

"राजकारणात त्यालाच सर्व बाजू म्हणतात, बाळा."

लिव्हन लाल झाला. "ठीक आहे. मग ऐका सगळे. मला नगराध्यक्षपद मिळालं नाही तर मी आईच्या हाताखाली सभापती होणार नाही. मी राजकारणच सोडतो. संध्याकाळी घरी बसेन, चार झाडं लावीन. कातेलाईनला तरी बरं वाटेल."

कातेलाईनला बरं वाटलं नाही. लग्न झाल्यापासून नवरा संध्याकाळी घरी नाही, याचं तिनं पहिली दोन वर्षं वाईट वाटून घेतलं होतं. मग तिनं मंगळवारी मातीकाम लावलं, गुरुवारी गाण्याचा क्लास, आणि बाकीच्या संध्याकाळी सोफ्यावर आडवं पडून हवं ते बघायची, हवं ते खायची, कुणाकडून एकेरी रस्त्यांचे फायदे न ऐकता. आता हा रोज सहाला घरी येणार. सुपाच्या वाडग्याभोवती काटे-चमचे मांडून वाहतूक समजावणार.

"आई," ती एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला, "लिव्हनला हे मिळायलाच हवं. मिळायलाच हवं हो!"

सगळे चमकले. लिव्हननं टेबलाखालून तिचा हात धरला. त्याला वाटलं, हे प्रेम आहे. थोडंफार होतंही.

गोडेलीव्हबाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं. व्हेर्लेचा बुधवार त्यांना कळला होता, काकांचा सल्लागारही कळला होता, सुनेचं नीट कळलं नव्हतं पण अंदाज आला होता. ज्यानं बोलायला हवं तो मात्र अजून मागत नव्हता. धमक्या देत होता.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "मला मतं पडली कशी पण? मी तर काहीच केलं नाही."

आणि इथं लिव्हननं घोडचूक केली. आठवडाभर ते त्याच्या जिभेच्या टोकावर होतं.

"मी सांगतो कशी पडली. तुझं नाव तळाला. जो तो म्हणाला, बिचाऱ्या गोडेलीव्हबाई, त्यांना कोण देणार, एक त्यांनाही देऊन टाकू. एका पॅनेलमधल्या हव्या तितक्या नावांपुढं लाल पेन्सिल फिरवता येते, फुकटचं काय जातंय कुणाचं? प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच देतोय. सगळ्या गावानं दिलं! ही मतं नाहीत आई. ही दया आहे. नुसती दया."

लिव्हननं बाह्या सरसावल्या.

"पुरावा हवाय? हे बघ. हात वर करा. इथं कुणी कुणी आईला मत दिलं?"

व्हेर्लेचा हात वर गेला. कातेलाईनचा गेला. फोन्सकाकांचा, आणि लिव्हनचा स्वतःचाही.

"योरिसनंही दिलंय," व्हेर्ले म्हणाली.

"का दिलंत?"

"आईला चारच मतं पडली असती तर बरं दिसलं नसतं," व्हेर्ले पुटपुटली.

"मलाही तेच वाटलं," कातेलाईन म्हणाली.

"वहिनी म्हणून," काका म्हणाले. "शिष्टाचार."

"बघ!" लिव्हन आईकडे वळला. "कळलं?"

"कळलं," गोडेलीव्हबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाज सरळ होता. "हात खाली घ्या आता. आणि लिव्हनला कुणी कुणी दिलं, त्यांनी वर करा."

लिव्हनचा हात झटकन वर गेला. मग तो हात तसाच वर राहिला, कारण बाकीचे कुणी हलेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काका?"

"अरे बाळा, पॅनेलप्रमुखाला कुणी वेगळं मत देतं का? पॅनेलची सगळी मतं त्यालाच जातात. साठ वर्षं मी तसंच करत आलोय."

"यंदा कायदा बदललाय! तुम्हीच सभा घेऊन सगळ्यांना समजावलंत!"

"समजावलं रे. पण आत गेल्यावर हात सवयीनंच चालतो."

"ताई?"

"तुला काय, पडतातच मतं," व्हेर्ले ताटाकडे बघत म्हणाली. "आणि मी सरळ ड्यूटीवरून मतदानाला आले होते. वळसा घालून. योरिस तर… जाऊ दे."

लिव्हननं हात खाली घेतला आणि बायकोकडे वळून बघितलं. कातेलाईन रडायलाच लागली. "मला वाटलं, तुला माझ्या मताची काय गरज? अख्खं गाव आहे की तुझ्यामागं. म्हणजे, मी देणारच होते. पण त्या दिवशी दफनभूमीपाशी पाऊण तास अडकले रे मी!"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. लिव्हन बोटं मोजू लागला. काका, ताई, योरिस, कातेलाईन. आईच्या नावापुढं स्वतःच फिरवलेली पेन्सिल, ती पाचवी. सहातलं एक राहिलं. त्यानं मान वर केली तर आईची खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरातून सुऱ्यांचा खण उघडल्याचा आवाज आला.

गोडेलीव्हबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. दह्याच्या चक्क्याची टार्ट समोर होती आणि सुरी हातात, पण त्या कापत नव्हत्या. दया हा शब्द त्यांना लागला होता. गेल्या रविवारी रात्री निकाल कळल्यावर त्या एकट्याच खाली बंद दुकानात जाऊन काउंटरमागं उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना हुंदका आला होता. इतक्या माणसांनी आपलं नाव शोधत शोधत कागदाच्या तळापर्यंत यावं! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी निवडलं होतं. आणि पोरगा म्हणाला, दया.

लिव्हन आत आला आणि त्यानं दार लोटलं.

"सहावी तूच ना?"

"कसली सहावी?"

"तूही मला दिलं नाहीस. खरं सांग. आता काय, सगळं कळलंच आहे."

"बस."

"नाही बसत."

"मी तुलाच दिलं, लिव्हन. तुला एकट्याला. माझ्या नावापर्यंत पेन्सिल नेलीच नाही मी. स्वतःलाच मत द्यायची लाज वाटली मला."

लिव्हन बसला. त्याला रडू आलं, शाळेतल्या पोरासारखं, नाक ओढत. गोडेलीव्हबाईंनी त्याला भांडी पुसायचं फडकं दिलं.

"आई," तो म्हणाला, "सोड ना गं. मला हवंय ते. फार हवंय. लहानपणापासून. तू सोड."

आठवडाभर हेच ऐकायला त्या थांबल्या होत्या. घे रे राजा, तुझंच आहे, हे उत्तरसुद्धा तयार होतं. पण ते उत्तर आता त्यांच्या तोंडून निघेना.

"हे सूप पिताना विचारलं असतंस, तर तेव्हाच दिलं असतं. मंगळवारपासून द्यायचंच ठरवून बसले होते मी."

"मग आता काय झालं? दया म्हणालो म्हणून? चुकलो मी. रागात बोललो."

"रागात माणूस मनातलंच बोलतो. आणि असेलही तुझं खरं. असतील निम्मे दयेनं आलेले." त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुझे आजोबा तीस वर्षं माझ्या दुकानात मागच्या दारानं यायचे, ठाऊक आहे ना? व्हान काउटरांची सून सँडविचं विकते, कुणी बघू नये म्हणून. कॉफी मात्र फुकट प्यायचे. पुढच्या दारानं गाव यायचं. नोकरी गेलेला यायचा, तो बायकोला न सांगता रोज सकाळी गाडी पकडायचा. पहिल्या दिवशी कामाला निघालेली पोर यायची, भीतीनं पांढरीफटक. ओरडून ओरडून गाडीत बसवलंय मी एकेकाला. त्यातल्या एकानं जरी ते आठवून मत दिलं असेल, तर ते मी तुला कसं देऊ? ते काय उरलेलं सूप आहे, डबा भरून द्यायला?"

"पण मी तुझा मुलगा आहे."

"म्हणून तर दिलं. आई म्हणून जे द्यायचं ते त्या पडद्याआड देऊन आले. ते मत तुझं. बाकीची माझी आहेत."

लिव्हननं तोंड पुसलं. बाहेर काका खालच्या आवाजात व्हेर्लेला काहीतरी समजावत होते, आणि व्हेर्ले म्हणत होती, "मग जुळ्यांना नगरपालिकेत पाठवू का?"

"निळ्यांना मी काय सांगू?" लिव्हननं विचारलं.

"सांग, आईनं ऐकलं नाही."

"गाव हसेल मला."

"हसेल. आठवडाभर हसेल." गोडेलीव्हबाईंनी टार्टचे तुकडे पाडले आणि थाळी त्याच्या हातात दिली. त्यांचे डोळे ओले होते, पण सूर काउंटरमागचा होता. "मग एकेक जण म्हणायला लागेल, बिचारा लिव्हन. सख्ख्या बहिणीनं दिलं नाही, बायकोनं दिलं नाही. पुढच्या वेळी एक मत त्यालाही देऊन टाकू. सहा वर्षं कळ काढ. एकदा लोकांनी बिचारा म्हटलं, की माणूस पडत नाही."

लिव्हन थाळी घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा बघूनच सगळ्यांना निकाल कळला. काकांनी घाईघाईनं कॉलर नीट केली. कातेलाईननं नवऱ्यासाठी खुर्ची ओढली, त्याच्या हातातली थाळी घेतली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बस रे," ती म्हणाली. "बिचारा!"